बोगोटाची कातडी

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर पॅरिस आणि लंडनमध्ये पाखरांच्या व्यापाऱ्यांकडे ‘बोगोटा’ हा मालाचा एक प्रकारच होता. कोलंबियाच्या राजधानीतून पेट्या भरभरून येणारी, पिसांसकट सोललेली आणि वाळवलेली पाखरांची कातडी या नावाने विकली जात. पेटीत रानातली नाना तऱ्हेची पाखरे असत, पण गिऱ्हाइकाची नजर आधी वळे ती हमिंगबर्डांकडे. हा व्यापार १८३० नंतरच्या दशकात जोर धरू लागला आणि विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत चालला. अँडीज पर्वताच्या ओल्या रानांतल्या कितीतरी हमिंगबर्ड जातींची शास्त्राशी पहिली गाठ या पेट्यांतच पडली. मात्र ही ओळख अर्धीच राहिली. पाखरू कोणत्या उतारावरचे, किती उंचीवरचे, कोणत्या महिन्यात मारलेले, यातले काहीही त्याच्यासोबत आले नाही. ही उणीव भरून काढण्यात पुढच्या चार पिढ्यांची मेहनत खर्ची पडली.

हमिंगबर्ड फक्त अमेरिकेच्या दोन खंडांत आढळतात. त्यांच्या साडेतीनशेच्या आसपास जाती आहेत आणि त्यांपैकी दीडशेहून अधिक एकट्या कोलंबियात आहेत. भारतात एकही नाही. महाराष्ट्रातल्या बागांत जास्वंदीवर घिरट्या घालणारा शिंजीर अनेकदा हमिंगबर्ड म्हणून दाखवला जातो, पण त्याचे कूळ अगदी वेगळे. कोलंबियात शिरताना अँडीज तीन रांगांत फुटतो. बोगोटा शहर पूर्वेकडच्या रांगेवर, सुमारे २६०० मीटर उंचीच्या पठारावर वसलेले आहे. पठाराच्या पश्चिम कडेने उतरत गेले की माग्दालेना नदीचे उष्ण खोरे लागते, पूर्वेकडे उतरले की यानोस नावाची अफाट गवताळ मैदाने. मधल्या उतारांवर, साधारण १८०० ते ३००० मीटरच्या पट्ट्यात, ढग रानातच मुक्कामाला असतात. खोडांवर शेवाळ्याचे जाड थर, फांद्याफांद्यांवर ऑर्किड आणि ब्रोमेलियाची झाडे, खाली सतत ओली माती. पश्चिमेच्या उतारावर भेटणारी जात पूर्वेच्या उतारावर भेटेलच असे नाही. तीनशे मीटर वर चढले तरी पाखरांची मंडळी बदलते. अशा मुलखात गाव, उतार आणि उंची यांची नोंद नसलेले पाखरू म्हणजे अर्धेच पाखरू, ही गोष्ट युरोपातल्या व्यापाऱ्यांना आणि बराच काळ शास्त्रज्ञांनाही उमगली नाही.

हमिंगबर्डाच्या पिसांचे मोल युरोपीय लोक येण्याआधीपासूनच होते. मेक्सिकोत आस्तेक राज्यात आमांतेका नावाने ओळखले जाणारे पीसकाम करणारे कारागीर होते. ढाली, मुकुट, अंगरखे यांवर ते रंगीत पिसांची नक्षी बसवत आणि जिथे बारीक चमक हवी तिथे हमिंगबर्डाची पिसे वापरत. स्पॅनिश धर्मगुरू बेर्नार्दिनो दे साहागुन याने सोळाव्या शतकात नाउआ जाणकारांना विचारून जो मोठा ग्रंथ सिद्ध केला, त्यात या कारागिरांचे काम पायरीपायरीने नोंदलेले आहे. विजेत्यांनी ही कला ख्रिस्ती चित्रांसाठी जुंपली. १५३९ साली मेक्सिकोत तयार झालेले, संत ग्रेगरीच्या मिसेचा प्रसंग दाखवणारे पिसांचे चित्र आज फ्रान्सच्या ओश गावच्या संग्रहालयात आहे. पण या कामाला पिसे लागत ती बेताने, एका जागच्या कारागिरांपुरती. पाखरू शेकड्याने सोलून समुद्रापार पाठवणे ही एकोणिसाव्या शतकाची देणगी.

त्यामागे राजकारण होते. स्पेनच्या अमलात असेपर्यंत या वसाहतींची दारे परक्यांना जवळजवळ बंद होती. १८१९ मध्ये कोलंबिया स्वतंत्र झाला आणि इंग्रज, फ्रेंच, जर्मन व्यापारी बोगोटापर्यंत पोचू लागले. त्याच सुमारास पॅरिसमध्ये पाखरांचे खासगी संग्रह करणे श्रीमंतांचे वेड झाले होते. रिव्होलीचा ड्यूक व्हिक्टर मासेना याच्याकडे बारा हजारांवर कातडी होती. रेने लेसन या निसर्गशास्त्रज्ञाने १८२९ पासून हमिंगबर्डांवर रंगीत चित्रांचे ग्रंथ काढले आणि एका जातीला ड्यूकच्या पत्नीचे, ॲनाचे नाव दिले. ते आजही चालू आहे. संग्राहक पैसे मोजायला तयार होते, दुकानदार माल मागवायला तयार होते, आणि बोगोटाच्या भोवतालच्या रानांत पाखरे होती.

शिकार करीत ती आसपासच्या गावांतली माणसे. छर्ऱ्याच्या बंदुकीने एवढ्याशा पाखराच्या चिंध्या होतात, म्हणून मातीच्या बारीक गोळ्या फुंकनळीतून मारण्याची जुनी पद्धत कामी येई. चार-सहा ग्रॅमचे पाखरू गोळीच्या धक्क्याने खाली पडे आणि पीस शाबूत राही. मग सोलणे. हे काम दिसते त्याहून फार नाजूक आहे. हमिंगबर्डाची कातडी कागदाहून पातळ; मानेपाशी बोट जरा जास्त दाबले गेले की ती फाटते, आणि गळ्यावरचे चमकते पीस एकदा विस्कटले की पुन्हा नीट बसत नाही. पोटाशी चीर घेऊन अंग बाहेर काढायचे, कवटी चोचीला जोडलेली ठेवायची, आत थोडा कापूस घालायचा आणि पंख अंगालगत मिटवून सावलीत वाळवायचे. बोगोटाच्या कारागिरांची या कामाची स्वतःची धाटणी होती. त्यांची कातडी कमी भरलेली, चपटी असत. पुढे संग्रहालयांतल्या जाणकारांना ती धाटणी इतकी ओळखीची झाली की चिठ्ठी नसली तरी पाखरू बोगोटाकडचे आहे हे ते पाहताच सांगत. त्या शिकाऱ्यांची आणि सोलणाऱ्यांची नावे मात्र कुठे लिहिली गेली नाहीत. ज्यांना ते पाखरू कुठल्या झाडावर बसते, काय खाते, कधी दिसेनासे होते हे ठाऊक होते, त्यांना कुणी ते विचारलेही नाही. या साऱ्या इतिहासातले हे सर्वांत मोठे नुकसान म्हणावे लागेल.

बोगोटात माल गोळा झाला की पेट्या खेचरांवर लादून डोंगराखाली होंडा या नदीबंदरावर नेत. तिथून माग्दालेनाच्या प्रवाहाबरोबर आधी बांबूच्या छपराच्या लांब नावांतून आणि पुढे वाफेच्या बोटींतून कॅरिबियन किनारा गाठायचा, आणि मग जहाजाने युरोप. माल वाटेत ओलसर हवेत कुजे, त्याला कीड लागे. एवढ्यातून जे पोचे त्यावर दुकानदार एकच गाव लिहीत: सांता फे दे बोगोटा. शिकार यानोसच्या बाजूला झालेली असो की माग्दालेनाच्या, चार दिवसांच्या वाटेवरची असो की आठ, माल शहरात विकला गेला म्हणून गाव बोगोटा.

या एका शब्दाच्या आधारावर नव्या जातींची रास लागली. १८३९ आणि १८४० मध्ये फ्रान्सच्या ओग्युस्त बुआसोनोने बोगोटाहून आलेल्या एकामागून एक हमिंगबर्डांची वर्णने प्रसिद्ध केली. तलवारचोच्या हमिंगबर्ड त्यांतलाच. याची चोच शेपूट सोडून उरलेल्या अंगाहून लांब असते. पाखरांच्या दुनियेत हे प्रमाण दुसऱ्या कशात नाही. कातडे हाती धरून चोच मोजता येत होती, ती एवढी लांब कशाला हे कळण्याचा मार्ग नव्हता. ते उत्तर डोंगरात होते: ढगांच्या रानात पॅशनफ्लॉवरच्या काही वेली अशा आहेत की त्यांच्या फुलांची नळी बोटाहून लांब असते, तळाशी मध असतो आणि तिथवर जवळजवळ हे एकच पाखरू पोचते. फुलाचे परागण त्याच्यावर अवलंबून आणि त्याचे पोट फुलावर. बसल्या जागी चोच जड होऊ नये म्हणून ते ती वर आकाशाकडे धरते. दुकानातल्या पेटीत यातले काही दिसण्यासारखे नव्हते. लंडनच्या लुई फ्रेझरने, पॅरिसच्या लाँगमारने, लियाँच्या ज्यूल बुर्सिएने याच पेट्यांतून आणखी जाती नावारूपाला आणल्या. लाँगमारने एका सुंदर हमिंगबर्डाला दिलेले ‘क्लारिस’ हे नाव पॅरिसच्या पार्झुदाकी या पक्षी-व्यापाऱ्याच्या पत्नीचे. शास्त्र आणि दुकान तेव्हा एकमेकांच्या किती जवळ होते ते यावरून कळावे. दुकानदार नवे दिसणारे कातडे बाजूला काढून शास्त्रज्ञाला दाखवी, शास्त्रज्ञ नाव देई आणि नाव मिळाले की कातड्याची किंमत वाढे.

माल ‘बोगोटा’ एवढाच नव्हता. एक्वादोरमधून ‘क्विटो’ची कातडी येत, ब्राझीलमधून ‘बाइया’ची, शिवाय त्रिनिदादची. प्रत्येक ठिकाणची सोलण्याची ढब वेगळी, आणि गावाच्या नावाखाली अख्खा प्रदेश झाकून टाकण्याची खोड सारखीच.

एवढे असले तरी ठिकाणाची नोंद ठेवणारे त्या काळी नव्हतेच असे नाही, आणि नोंद असली की काय साधते याचा दाखला उत्तर पेरूत मिळतो. लंडनजवळ हॅकनीला जॉर्ज लॉडिजेस नावाचा रोपवाटिकेचा मालक होता. परदेशी झाडे मागवता मागवता त्याला हमिंगबर्डांचा नाद लागला. त्याच्यासाठी पेरूत फिरणारा अँड्र्यू मॅथ्यूज १८३५ मध्ये चाचापोयासच्या डोंगरात एका अजब नरापाशी येऊन पोचला. त्याच्या शेपटीत चारच ठळक पिसे, त्यांपैकी दोन लांब तारेसारखी आणि प्रत्येक तारेच्या टोकाला जांभळ्या-निळ्या रंगाची चपटी थाळी. बुर्सिएने १८४७ मध्ये या जातीचे वर्णन केले. पुढे तिच्या प्रजातीला लॉडिजेसचे नाव मिळाले. तोवर लॉडिजेस आणि मॅथ्यूज दोघेही मरण पावले होते. पुढची कित्येक वर्षे जगात या जातीचे तेवढे एकच कातडे होते. पण त्याच्याबरोबर चाचापोयासचे नाव होते. त्या नावाच्या मागोमाग पोलंडचा यान श्टोल्त्समान त्या डोंगरात गेला, पाखरू शोधले, नर थाळ्या नाचवत मादीला कसा भुलवतो ते पाहिले, आणि १८८१ मध्ये व्लादिस्लाव तचानोव्स्कीच्या साथीने त्याच्या सवयींवर लेख प्रसिद्ध केला. गाव ठाऊक होते म्हणून पाखरू पुन्हा सापडले.

लंडनच्या सामान्य लोकांना हमिंगबर्ड दाखवले ते जॉन गूल्डने. १८५१ मध्ये हाइड पार्कात जगातले पहिले मोठे आंतरराष्ट्रीय औद्योगिक प्रदर्शन भरले होते. त्याच उन्हाळ्यात गूल्डने रीजंट्स पार्कातल्या प्राणिसंग्रहालयात स्वतःच्या हमिंगबर्डांचे दालन उघडले. काचेच्या पेट्यांत पाखरे अशी टांगली होती की प्रकाश त्यांच्या गळ्यांवर पडून रंग पेटावेत. प्रवेशमूल्य सहा पेन्स. पंचाहत्तर हजारांवर लोक आले, राणी व्हिक्टोरियाही येऊन गेली. हमिंगबर्डांवरचा त्याचा ग्रंथ १८४९ पासून १८६१ पर्यंत भागाभागांनी निघत होता. पाच खंड आणि ३६० चित्रे. पिसांची चमक कागदावर आणण्यासाठी चित्रात सोन्याचा वर्ख लावून त्यावर पारदर्शक रंग आणि वार्निश चढवले होते. या ग्रंथातला मोठा भाग व्यापारी कातड्यांवर उभा होता. जिवंत हमिंगबर्ड गूल्डने स्वतः पाहिला तो १८५७ मध्ये, फिलाडेल्फियाच्या बार्ट्रम बागेत. म्हणजे ग्रंथ निम्म्याच्या पुढे गेला होता. तिथून परतताना त्याने काही जिवंत पाखरे सोबत घेतली. ती लंडनला पोचून दोन दिवसही जगली नाहीत.

या पिसांचा रंग इतका टिकाऊ का, याचे कारण रंगद्रव्यात नसून पिसाच्या बांधणीत आहे. हमिंगबर्डाच्या पिसात मेलॅनिनच्या अतिसूक्ष्म चकत्या पापडाच्या चवडीसारख्या एकावर एक रचलेल्या असतात आणि त्यांच्या पोटात हवेचे बुडबुडे असतात. या थरांवरून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळून ठरावीक रंग उजळतात, म्हणून एका कोनातून गळा माणकासारखा लाल आणि दुसऱ्या कोनातून काळा दिसतो. थर शाबूत आहेत तोवर रंग शाबूत. दीडशे वर्षांपूर्वी मारलेल्या पाखराचा गळा संग्रहालयाच्या खणात आजही तसाच पेटतो.

हाच टिकाऊपणा पाखरांना भोवला. १८६५ मध्ये लंडनच्या हॅरी इमॅन्युएल या जवाहिऱ्याने हमिंगबर्डाचे डोके सोन्याचांदीच्या कोंदणात बसवण्याच्या रीतीचे पेटंट घेतले. पाखराच्या डोक्याच्या कानातल्या कुड्या आणि गळ्यातले हार निघाले. रिओ दि जानेरोच्या दुकानांतून पांढऱ्या पिसांचे पंखे येत, मधोमध अख्खा हमिंगबर्ड बसवलेला. त्यानंतरच्या दशकांत बायकांच्या टोप्यांची फॅशन आली आणि संग्राहकाच्या जागी कारखानदार गिऱ्हाईक झाला. लंडनच्या लिलावांत हमिंगबर्ड आता जातीने विकला जात नव्हता, हजारांच्या ढिगाने विकला जात होता. गाव तर दूरच, जातीचे नावही कुणाला नको होते. मागणी असे ती चमकत्या प्रौढ नरांना, आणि हा भेद संग्रहालयांतही उमटला: कित्येक जातींचे नर डझनावारी आणि मादी एखाददुसरी, अशी स्थिती राहिली.

फ्रँक चॅपमन हे नाव या ठिकाणी येते. बँकेतली नोकरी आणि पाखरांचा ध्यास असलेल्या या तरुणाने १८८६ मध्ये न्यूयॉर्कच्या गर्दीच्या रस्त्यांवर दोन दुपारी फिरून टोप्या मोजल्या. सातशे टोप्यांपैकी ५४२ टोप्यांवर पिसे किंवा पाखरे होती, आणि त्यांतून त्याने चाळीस जाती ओळखल्या. ही यादी छापून आली आणि बोलकी ठरली. इंग्लंडमध्ये १८८९ साली बायकांनीच पुढाकार घेऊन पक्षीरक्षणाची संस्था काढली. अमेरिकेत बॉस्टनच्या हॅरिएट हेमेनवे आणि मिना हॉल यांनी १८९६ मध्ये मॅसॅच्युसेट्स ऑड्युबन सोसायटी उभी केली. कायदे सावकाश आले. हिंदुस्थान सरकारने १९०२ मध्येच पिसे आणि पाखरांची कातडी परदेशी पाठवण्यास मनाई केली. इथून जात ती बगळ्यांची, खंड्याची, नीळपंखाची पिसे. ती ज्या लंडनच्या लिलावात पोचत तिथेच दक्षिण अमेरिकेचे हमिंगबर्डही उतरत. अमेरिकेने १९१३ मध्ये आणि ब्रिटनने १९२१ मध्ये पिसांच्या आयातीवर बंदी घातली. तोवर टोप्यांची फॅशनही ओसरली होती. हमिंगबर्डांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर जागतिक कराराचे नियंत्रण यायला मात्र १९८७ साल उजाडले. मेक्सिकोत वाळवलेला हमिंगबर्ड लाल दोऱ्यात गुंडाळून प्रेमाचा ताईत म्हणून विकण्याची प्रथा आजही आहे, आणि असे ताईत चोरून अमेरिकेत नेताना पकडलेही जातात.

टोप्या मोजणारा चॅपमन पुढे न्यूयॉर्कच्या निसर्गेतिहास संग्रहालयात पक्षीविभागाचा प्रमुख झाला आणि त्याने ‘बोगोटा’चा गुंता हाती घेतला. संग्रहालयांत हजारो कातडी होती, शेकडो जातींची वर्णने त्यांवर बेतलेली होती आणि त्या जाती राहतात कुठे हे सांगता येत नव्हते. १९१० च्या सुमारापासून त्याच्या संग्रहालयाने कोलंबियात मोहिमा पाठवल्या. चॅपमन स्वतः चित्रकार लुई अगॅसिझ फ्युएर्तेसला घेऊन तिथे गेला. माग्दालेनातून वर येऊन बोगोटा, तिथून डोंगर ओलांडून पूर्वेचा उतार, अशी वाट जुन्या शिकाऱ्यांचीच होती. फरक एवढाच की आता प्रत्येक पाखराच्या पायाला चिठ्ठी बांधली जात होती आणि चिठ्ठीवर गाव, उंची, तारीख, नर की मादी हे सारे लिहिले जात होते. १९१७ मध्ये त्याचा कोलंबियातल्या पाखरांच्या वाटणीवरचा जाडजूड ग्रंथ आला. उष्ण, उपोष्ण, समशीतोष्ण आणि रानाच्या वरचा पारामो, अशा उंचीच्या पट्ट्यांत पाखरे कशी विभागली आहेत ते त्याने मांडले. जुन्या कातड्यांपैकी पुष्कळशांना त्यामुळे आपले घर परत मिळाले. पश्चिमेकडे आंतियोकियात टी. के. सामन या इंग्रज अभियंत्याने १८७० नंतर काळजीपूर्वक नोंदी ठेवून मोठा संग्रह केला होता. तो चॅपमनच्या आधीचा, आणि त्याची किंमत त्यातल्या चिठ्ठ्यांमुळेच टिकली.

सगळीच कोडी सुटली नाहीत. काही कातडी अशी होती की त्यांच्यासारखे दुसरे पाखरू कधीच कुणाला मिळाले नाही. हमिंगबर्डांत दोन जातींचा, कधी दोन वेगळ्या प्रजातींचाही संकर होतो, आणि असा संकर दोघांहून निराळा रंग घेऊन येतो. एकोणिसाव्या शतकात अशी एकुलती एक कातडी बिनदिक्कत नवी जात म्हणून जाहीर झाली होती. ती निस्तरण्याचे किचकट काम वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेतल्या गॅरी ग्रेव्ह्झने हाती घेतले. एकेका पिसाचा रंग, चोचीची आणि शेपटीची लांबी मोजून आईबाप कोण असावेत ते ठरवायचे, असे लेख त्याने एकामागून एक लिहिले. त्यातच एक कातडे त्याच्यासमोर आले, ज्याला कोणतेच आईबाप जुळेनात.

ते कातडे १९०९ मध्ये बोगोटात ब्रदर निसेफोरो मारिया या ला साल पंथाच्या फ्रेंच धर्मबंधूने विकत घेतले होते. जवळपास अंगभर गडद निळा-जांभळा रंग, चमकता गळा, लांब दुभंगलेली शेपटी. १९४७ मध्ये त्याने ते फिलाडेल्फियाच्या अकादमीतल्या रोडोल्फ मेयर दे शाउएन्सेकडे पाठवले. पुढच्याच वर्षी, ९ एप्रिल १९४८ रोजी, लोकनेता गाइतान याच्या खुनानंतर बोगोटात दंगल उसळली आणि त्या जाळपोळीत ला साल इन्स्टिट्यूटचे निसर्ग-संग्रहालय भस्मसात झाले. हे कातडे तेव्हा देशाबाहेर होते. १९९३ मध्ये ग्रेव्ह्झने ती नवी जात असल्याचे जाहीर केले आणि आपले ज्येष्ठ सहकारी रिचर्ड झुसी यांचे नाव तिला दिले. तोवर तिचे दुसरे पाखरू कुणी पाहिले नव्हते, म्हणून ती बहुधा नाहीशी झाली असावी असे मानले गेले. बोगोटाभोवतालच्या ज्या रानात ती राहत असावी ते कधीच कापले गेले असेल, हा तर्क कुणालाही पटण्याजोगा होता. पूर्व रांगेच्या उतारांवर शेती आणि कुरणे पसरून शतके झाली आहेत.

२०१० मध्ये त्या शंभर वर्षांच्या कातड्यातून डीएनए काढण्यात आला. इतर हमिंगबर्डांशी ताडून पाहिल्यावर तो वेगळा दिसला आणि जात खरी असल्याचा निर्वाळा मिळाला. २०१८ मध्ये निकाल उलटला. बोगोटाच्याच लॉस अँडीज विद्यापीठातल्या संशोधकांचा सहभाग असलेल्या गटाने लांबशेपट्या सिल्फ या सर्वपरिचित जातीचे नमुने अनेक ठिकाणांहून जमवले. आधी केलेल्या तुलनेत या जातीचे नमुने अपुरे पडले होते. ते वाढवल्यावर गूढ कातड्याचा मायटोकाँड्रियल डीएनए सिल्फमध्येच नीट बसला. हा डीएनए फक्त आईकडून येतो. म्हणजे पाखराची आई सिल्फ होती, बाप दुसऱ्या कोणत्या तरी जातीचा, आणि नाहीशी झालेली जात मुळात नव्हतीच. या सगळ्या वादाचे मूळ १९०९ च्या एका अपुऱ्या नोंदीत होते. ते पाखरू कुठल्या डोंगरात मारले हे लिहिलेले असते, तर तिथे राहणाऱ्या हमिंगबर्डांशी ताडून पाहणे फार आधी शक्य झाले असते. ग्रेव्ह्झचे काम यामुळे कमी प्रतीचे ठरत नाही. त्याने हातातल्या पुराव्याशी प्रामाणिक राहूनच निर्णय दिला होता, आणि पुरावा वाढला तसा निर्णय बदलला.

व्यापाराने खऱ्या अर्थाने जो धोका दाखवून दिला तो अस्सल जातींबाबत आहे. क्विटोजवळच्या पिचिंचा ज्वालामुखीच्या उतारांवर काळ्या छातीचा पफलेग हा चिमुकला हमिंगबर्ड राहतो. बुर्सिए आणि म्युल्सां यांनी १८५२ मध्ये त्याचे वर्णन केले. संग्रहालयांत त्याची शंभरावर कातडी आहेत, म्हणजे एकेकाळी तो शिकाऱ्यांना सहज मिळत होता. आज उरलेली पाखरे काही शेकड्यांत आहेत आणि जात नष्ट होण्याच्या काठावर आहे. क्विटो शहराने २००५ मध्ये त्याला आपले मानचिन्ह केले. त्याला मागे ढकलले ते मुख्यतः रान तोडून कोळसा पाडणाऱ्यांनी आणि शेतीने. पण तो पूर्वी किती होता हे कळते ते त्या जुन्या पेट्यांमुळेच.

बोगोटाच्या पेट्यांतून आलेला आणि बुर्सिएने १८४३ मध्ये वर्णन केलेला ब्लॅक इंका हमिंगबर्डही असाच. मखमली काळे अंग, छातीच्या दोन्ही बाजूंना पांढरा ठिपका आणि गळ्यावर निळसर-हिरव्या चमकीचा डाग. कोलंबियाबाहेर तो कुठेच नाही. पूर्व रांगेच्या पश्चिम उतारावर, ओकच्या दमट रानांत तो राहतो. लांब सरळ चोचीने लोंबत्या फुलांची नळी गाठत तो एका झुडपाकडून दुसरीकडे ठरलेल्या फेरीने जातो, म्हणून त्याला सलग रान लागते. कुंदिनामार्का प्रांतातले पेद्रो पालो तळ्याभोवतीचे ओकचे रान आणि उत्तरेला रिओ फोन्सेच्या उगमाकडचे ग्वानेंता अभयारण्य ही त्याच्या आज माहीत असलेल्या ठिकाणांपैकी दोन. पेद्रो पालो बोगोटापासून फार लांब नाही. जुने शिकारी खेचरावरून जिथे जात असतील त्याच उतारांत ते येते. तिथल्या रानाभोवती आता कुरणे आणि फार्महाउस आहेत, आणि ब्लॅक इंका उरलेल्या ओकच्या तुकड्यांत आहे.